न चुकलेली औटकी

वडिलांच्या शाळेत त्यांचा फोटो लागला तेव्हा मला वाशीमहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पाहुण्यांनी नारळ फोडला, पडद्याची दोरी ओढली, पडदा अर्ध्यात अडकला, आणि वडिलांचा एक डोळा अन् अर्धी मिशी सभेकडे बघत असताना भाषण सुरू झालं. पाहुणे म्हणाले, या थोर पुरुषाने पाढ्यांमधून खेड्यापाड्यात क्रांतीचा संदेश पोचवला. टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार होता, त्यामुळे मला मध्येच उठून सांगता आलं नाही की त्यांनी पाढ्यांमधून पाढेच पोचवले. दुसरं काही सांगायचं असतं तर ते त्यांनी सरळ सांगितलं असतं.

मात्र त्या पाढ्यांवर एका वस्तीचा जीव टांगलेला होता, हे खरं. ते पाहुण्यांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते आता थोडेच उरलेत, म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव गोरेगावच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला. नदीच्या अलीकडं निजामाचा अंमल, पलीकडं वऱ्हाड, म्हणजे तेव्हा इंग्रजांचा. लहानपणी मला वाटायचं, दोन राज्यांची माती वेगळी असेल. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी एकदा उन्हाळ्यात मला कोरड्या पात्रातून पलीकडं नेलं, एक ढेकूळ माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "सांग, कुणाचं?" मग ते चालायला लागले. त्यांची शिकवायची रीत अशीच होती. प्रश्न हातात द्यायचे आणि पुढं निघायचे.

गावात सरकारी तहतानिया शाळा होती, म्हणजे चौथीपर्यंतची. दादा तिथं एकटे मास्तर. वर्षातून एकदा शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला यायचे. आठ दिवस आधीपासून सडे पडायचे, पाटलाच्या घरची सतरंजी यायची, आणि पोरांना हुजुरांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना पाठ करावी लागायची. एका वर्षी साहेब खूश झाले आणि आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी दादांना घातला. दादा तो घालूनच घरी आले, तसेच गोठ्यात गेले आणि हार म्हशीपुढं टाकला. "मोठ्या माणसाचा आहे," ते तिला म्हणाले, "सावकाश खा."

मुलींना शाळा नव्हती. दादांनी मला घरीच धुळपाटीवर अक्षरं गिरवायला लावली, आणि वाचता यायला लागल्यावर वाशीमहून येणाऱ्या वाण्याच्या गाडीतून पुस्तकं मागवली. ती गुळाच्या ढेपांखालून यायची. त्या वयात वाचलेलं सगळं मला थोडं चिकट आठवतं. काकांना हे पसंत नव्हतं. काका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ, पंचक्रोशीत प्रवचनं करायचे. आवाज मोठा, शाल त्याहून मोठी.

"पोरीला एवढं शिकवून तहसीलदार करून राहिलास काय?" ते विचारायचे.

"तुझं प्रवचन तिला समजावं एवढीच इच्छा आहे," दादा म्हणायचे. "मला अजून जमलं नाही."

आता त्या पाढ्यांबद्दल, म्हणजे परवच्याबद्दल. दिवेलागणीला गावची पोरं आमच्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाढे म्हणायची. आधी साधे पाढे, मग पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आमचं घर गावाच्या टोकाला, चढावर. खाली ओढा, ओढ्यापलीकडं मळ्यावरची वस्ती, आणि वस्तीमागं नदी. पोरांचा एकसुरी आवाज वस्तीपर्यंत सरळ जायचा. "दोन औट सात, तीन औट साडेदहा" असं चढत चढत गाडी नवावर आली की हमखास घसरायची. कुणी साडेतीस म्हणायचं, कुणी साडेबत्तीस. आतून दादांचा आवाज यायचा, "पुन्हा!" माझ्या सगळ्या लहानपणात ती पोरं नऊ औट साडेएकतीस पहिल्या झटक्यात कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पोरं मोठी होऊन नांगराला लागायची, दुसरी यायची, आणि तीही तिथंच पडायची. दादा म्हणायचे, या गावाला एकतीसाचं वावडं आहे.

मग काळ फिरला. चार माणसं जमायची तर परवानगी लागायला लागली. एकदा संध्याकाळी पोलीस जमादार ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"मास्टर, ये क्या जलसा लगाया?"

"पाढे आहेत."

"इतने लोगां जमा करना मना है, मालूम नै क्या?"

"हे लोक नाहीत. पोरं आहेत."

"पोरां बोले तो लोगां नै क्या?"

"औटकी येईपर्यंत नाहीत," दादा म्हणाले.

जमादार हसला, ओट्यावर टेकला, विडी ओढून गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं आपला पोरगाही आणून बसवला. तोही नवावर पडायचा. पण त्या जमादाराची बदली झाली. नवा आला तो हसत नव्हता, आणि ओट्याकडं येतही नव्हता. तो नुसता लांबून बघायचा.

इंग्रज गेले. पलीकडच्या काठावर तिरंगा लागला. अलीकडं काय होणार, हे ज्याला त्याला माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. एका गावची कडब्याची गंजी पेटली, मग दुसऱ्या गावचं गोदाम. आमच्या चढावरून रात्री आभाळाच्या कडेला तांबूस दिसायचं आणि सकाळी त्याच जागी धूर. कोणतं गाव असेल याचा अंदाज बायका बोटांनी करायच्या. तोंडानं नाव घ्यायच्या नाहीत. ज्यांना जमलं ते नदी ओलांडून वऱ्हाडात गेले. पाटलानं आधी दागिने पाठवले, मग म्हशी, मग बायकामुलं, आणि शेवटी गावाला धीर देणारं भाषण करून स्वतः गेला. शाळेला कुलूप लागलं. दादा राहिले. परवचा चालू राहिला.

माझं लग्न होऊन मी वाशीमला गेले होते. त्या पावसाळ्यात दादा अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. छातीत कफ, रोजचा ताप. मी नदीला उतार बघून अलीकडं आले, आणि दोन दिवसांत वरच्या अंगाला असा पाऊस झाला की पैनगंगा दोन्ही थड्या भरून वाहायला लागली. नाव लागेना. माझा परतीचा रस्ता बंद झाला, आणि गावाचाही.

वस्तीवरची एक म्हातारी आमच्याकडं मळ्यातली भाजी घालायला यायची. एका सकाळी ती दादांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "मास्तर, बरे व्हा लौकर. तुमचा आवाज आल्याबिगर आमच्यात चूल पेटत न्हाई."

दादांना वाटलं, ही कौतुक करून राहिली. पण तिनं पुढं सांगितलं ते ऐकून मी हातातली वाटी खाली ठेवली. वस्तीनं आपसात ठरवलं होतं. रोज संध्याकाळी गाठोडी बांधून दाराशी ठेवायची. गावातून 'पुन्हा' ऐकू आलं की समजायचं, गावात टोळी शिरलेली नाही. मग चूल पेटवायची. नाही आलं, तर धूर न करता, दिवा न लावता, लेकरांना घेऊन नदी गाठायची.

"पण पोरांचे पाढे येतातच की ऐकू," मी म्हणाले.

"पोरांचं काय, बाई. बंदूक दावून कुणीबी म्हणून घेईल. 'पुन्हा' मास्तरच म्हणतेत."

दादा मग म्हणाले, "अगं, नदीला पूर आहे. पुरात उतरलात तर टोळीची गरजच राहणार नाही."

"मंग काय करावं? बसून राहावं?"

ती गेल्यावर दादा मला म्हणाले, "बघ, मला मरायचीही सोय राहिली नाही." ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला.

त्या दिवसापासून ओट्यावर मी बसायला लागले आणि दादा आत, खिडकीखालच्या बाजेवर. सकाळची दोन वाक्यं सोडली तर दिवसभर ते पाणीसुद्धा खुणेनं मागायचे. संध्याकाळच्या त्या एका शब्दासाठी श्वास राखून ठेवायचे. पोरं नवावर पडायची, आतून "पुन्हा!" यायचं, आणि थोड्या वेळानं ओढ्यापलीकडं एकेक धूर वर चढायचा. मग ते डोळे मिटायचे. सकाळी उठल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "पाणी उतरलं का?" मी नदीकडं बघून यायचे आणि त्यांचं पांघरूण सारखं करायचे. "पूर ओसरेपर्यंत मी टिकलो पाहिजे," ते म्हणायचे, जणू ही सरकारी साऱ्याची वसुली आहे आणि मुदत थोडी वाढवून मिळेल.

पोळा तोंडावर आला होता. एका दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला, ओढा भरून आला, वस्तीची वाट तुटली. पाऊस थांबला आणि दादा गेले. आईचा हात त्यांच्या कपाळावर होता. मला हुंदका फुटणार तोच आईनं दुसऱ्या हातानं माझं तोंड दाबलं.

"आत्ता न्हाई," ती म्हणाली. "परवचा व्हायचाय."

मला आधी कळलंच नाही. आई उभ्या जन्मात चार वाक्यं सलग बोललेली मी ऐकलेली नव्हती. तिनं दाराला कडी लावली, शेजारच्या दोन बायका आल्या त्यांना आत घेऊन भिंतीशी बसवलं आणि त्यांनाही सांगितलं, रडायचं नाही. इकडं हंबरडा फुटला की तिकडं वस्ती नदीत उतरेल.

काका आले. त्यांनी दादांकडं बघितलं, डोळे पुसले, आणि मग त्यांना शास्त्र आठवलं.

"वहिनी, घरात प्रेत आहे. गुरू गेला की अनध्याय. पाटीला हात लावायचा नसतो, आणि तुम्ही पाढे म्हणायला लावून राहिल्या?"

"भावजी, ओढ्याला उतार आहे का?"

"नाही."

"कुणाला वस्तीवर धाडता येतं?"

"नाही."

"हाक मारावी?"

लांबून आलेल्या हाकेतले शब्द कळत नाहीत. ओरडा तेवढा कळतो.

"मग बसा इथं खिडकीपाशी," आई म्हणाली. "तुमचा आवाज ह्यांच्यासारखाच हाय, जरा मोठा. पोरं नवावर पडली की एवढंच म्हणायचं, 'पुन्हा'. लांबलचक न्हाई."

काकांनी पुन्हा एकदा शास्त्र काढून बघितलं, पण आई तोवर दादांच्या पायाचे अंगठे बांधायला लागली होती. शेवटी त्यांनी शाल काढून ठेवली. शालीशिवाय काका मी प्रथमच बघितले. ते खिडकीखाली, दादांच्या उशाशी, पाट घेऊन बसले आणि दोनदा घसा साफ केला. हजारो श्रोत्यांपुढं न कचरलेला माणूस एका शब्दासाठी घाम पुसत होता.

दिवेलागणीला पोरं आली. त्यांना काय सांगावं याचा मी विचार केला होता. पण दार बंद बघून ती आपसूक समजली. मी एवढंच म्हणाले, "मास्तर गेलेत. रडायचं नाही. रोजच्यासारखं म्हणायचं." त्यात एक थोराड पोरगं होतं, औटकीत दर वेळी सगळ्यात आधी घसरणारं. त्यानं मान डोलावली, नाक बाहीला पुसलं आणि ताठ बसलं.

पोरांनी सुरुवात केली. मी आयुष्यात पुष्कळ भजनं ऐकली, कीर्तनं ऐकली, दिल्लीहून आलेल्या मंडळींची भाषणंही ऐकली. त्या संध्याकाळसारखा आवाज पुन्हा ऐकला नाही. ओला वारा, खाली ओढ्याचा खळखळाट, मागं नदीची घरघर, आणि त्यावर ती चढत जाणारी पावकी, निमकी. अडीचकी सरली. औटकी सुरू झाली. मी खिडकीकडं बघितलं. गजांमागं काकांचा चेहरा होता, तोंड अर्धं उघडून तयार.

"सात औट साडेचोवीस. आठ औट अठ्ठावीस. नऊ औट साडेएकतीस."

एकाही पोराची जीभ अडखळली नाही. थोराड पोरानं तर डोळे गच्च मिटून ते असं ठणठणीत म्हटलं की बाकीचे त्याच्यामागं ओढले गेले. "दहा औट पस्तीस." परवचा संपला. सगळीकडं एकदम शांत झालं. काकांचं तोंड तसंच उघडं होतं.

मी खिडकीशी धावले. "काका, म्हणा ना!"

"ती बराबर म्हणाली," काका पुटपुटले. "बराबर म्हटल्यावर 'पुन्हा' कसं म्हणू? दादाच्या उशाशी बसून?"

माणसाच्या सचोटीला वेळकाळ नसतो, हे मला तेव्हा समजलं. आता म्हणून उपयोगही नव्हता. पाढा संपल्यावर आलेला 'पुन्हा' म्हणजे वस्तीला आणखीच घोटाळा.

आम्ही ओढ्यापलीकडं बघत राहिलो. उजेड अजून होता, राखाडी. धूर येईना. पोरंही उठून उभी राहिली होती. रोज ज्या घरातून पहिला धूर चढायचा त्या म्हातारीच्या घराकडं मी एकटक बघत होते. तिथून धुराऐवजी माणूस निघाला. डोक्यावर गाठोडं. त्याच्यामागं दुसरा, काखेत लेकरू. मग बांधावरून एक रांग नदीकडं सरकायला लागली, अजिबात आवाज न करता. एवढ्या लांबून ती माणसं मुंग्यांसारखी दिसत होती, आणि मुंग्यांसारखीच कुठंही न थांबता चालली होती.

कडी निघाली. आई बाहेर आली. तिनं रांग बघितली, मग पोरांकडं बघितलं. ओट्याच्या कडेला खांब धरून ती उभी राहिली आणि तिनं हंबरडा फोडला.

दुपारपासून दाबून ठेवलेलं सगळं त्यात होतं. आतल्या बायका धावत बाहेर आल्या आणि त्यांनीही सूर धरला. मग मी. मग पोरंसुद्धा. आईनं दादांकडं अहेव मरण मागितलं होतं, त्यांनी ते दिलं नाही. तिनं पहिली ओरड त्याचीच केली. मग दुसरी म्हशीची, की हिची धार आता काढायची कुणी. माहेरी नेतो म्हणून दोन वर्षं नेलं नाहीत, तिसरी त्याची. आमच्याकडं मेलेल्या माणसाला असंच जाब विचारत रडतात, एकेक गाऱ्हाणं सुरात काढून.

बांधावरची रांग थांबली.

किती वेळ थांबली ते मला माहीत नाही. दोन माणसं नदीच्या बाजूनं उलटी येताना दिसली. रांग तशीच उभी होती, ना पुढं ना मागं. अंधार पडत गेला आणि मग काहीच दिसेना. आम्ही रडत राहिलो. थांबायची भीती वाटत होती. मग ओढ्यापलीकडं, अगदी बारीक, एक चूल पेटली.

सकाळी ओढा उतरला. वस्ती सगळीच्या सगळी आली, बाया, बाप्ये, लेकरं, आणि गाठोडी. काही तरण्यांची धोतरं मांड्यांपर्यंत चिखलानं माखलेली होती. ते नदीत उतरले होते. म्हशीची एक वगार वाहून गेली, ती पुढं कुणाला दिसली नाही. म्हातारी दादांपाशी गेली, पायांवर डोकं टेकलं, आणि उठल्यावर ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरांवर कडाडली.

"काहून चुकला न्हाईत रे काल? जल्मभर चुकता आन् कालच बरी जीभ वळली तुमची!"

थोराड पोरगं खाली मान घालून म्हणालं, "मास्तर गेले म्हून, आज्जे."

तिनं त्याला जवळ ओढलं.

"तुम्ही कशा काय थांबलात?" मी तिला विचारलं.

"रडू ऐकलं की. धाडीत कुणी एवढं निवांत रडत न्हाई, बाई. म्हशीचं गाऱ्हाणं आल्यावर तर आमी सगळे खालीच बसलो. म्हनलं, मास्तरच गेले. दुसरं काय न्हाई."

दुसरं काय न्हाई. हे ती सुस्कारा टाकून म्हणाली, आणि त्या सुस्काऱ्यात समाधान होतं. आईनं ते ऐकलं. तिच्या तोंडावर राग दिसेल असं मला वाटलं; पण तिनं मान डोलावली, जशी ती बाजारातून बरोबर हिशेब आणणाऱ्या माणसापुढं डोलवायची.

दादांना ओल्या सरणावर जळायला उशीर लागला. सगळी वस्ती शेवटपर्यंत थांबली. परत आल्यावर त्यांनी आमच्या ओसरीवर ठेवलेली गाठोडी उचलली नाहीत.

"राहू द्या हितं," म्हातारी म्हणाली. "पळायची येळ आली तर हात लेकरांसाठी मोकळे पायजेत." मग तिनं आईकडं न बघता विचारलं, "आन् आज सांजच्याला?"

काका सुतकाबद्दल काही सांगायला गेले. आईनं त्यांच्याकडं बघितलं आणि ते थांबले.

"परवचा व्हईल," आई म्हणाली.

मग ती पोरांकडं वळली, पण त्यांना काय सांगावं हे तिला सुचेना. चुका म्हणावं, तर ज्यानं आयुष्यभर न चुकायला शिकवलं तो आत्ताच राख झाला होता. ती नुसतीच उभी राहिली. पोरंही उभी राहिली. खाली नदीचं पाणी चार बोटं उतरल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि त्याचं बरं वाटून घ्यावं की भिऊन असावं, हे आमच्यापैकी कुणाला ठरवता येईना. कारण पाणी उतरलं की वाट दोन्ही बाजूंनी उघडते: आम्हाला नदीपार जायची, आणि टोळ्यांना ओढेनाले ओलांडून गावात यायची.